वाचकांचे प्रश्न: टाकीवरची पिशवी

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीवरची बॅग ही माझी सगळ्यात जास्त काळ टिकलेली सोबत आहे. ते वाक्य घरात वाचलं गेलं आणि त्याचं जे व्हायचं ते झालं. तुमच्याकडून मात्र पत्रांचा ढीग आला. त्यातली निवडक इथे घेतो. एकाच धर्तीचे पाच-सहा प्रश्न असतील तिथे एकच पत्र घेतलं आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी 1991 ते 2017 एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, मुक्काम कराड. पाटण, चिपळूण, वडूज, विटा, रत्नागिरी, सगळं दुचाकीवर. सुरुवातीची वर्षं आम्ही डिटेलिंग बॅग, म्हणजे डॉक्टरांना दाखवायच्या औषधांची बॅग, टाकीवर ठेवून मांड्यांत दाबून धरायचो. खड्डा आला की बॅग धरायची की हँडल, हा प्रश्न पडायचा. मग एका सीट कव्हरवाल्याकडून रेक्झिनची पहिली पिशवी शिवून घेतली. तेव्हापासून टाकी मोकळी राहिलेली नाही. आता गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन आहे, जुनी, 411 सीसीची.

माझी गाडी नवीन आहे. चुंबकवाली बॅग घ्यावी, पट्टेवाली की टाकीच्या झाकणाला रिंग बसवून लावायची? दुकानदार म्हणतो, चुंबकवाली डोळे झाकून घ्या. — एक वाचक, इचलकरंजी

डोळे उघडे ठेवा आणि घरातल्या फ्रिजवरचं चुंबक घेऊन गाडीपाशी जा. ते पातळ हातरुमालात गुंडाळा, म्हणजे रंगाला चरा जाणार नाही, आणि टाकीवर सगळीकडे फिरवून बघा. मधे, दोन्ही खांद्यांवर, पुढच्या उतारावर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची टाकी पत्र्याचीच असते, पण हल्ली तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची पॅनलं चढवलेली असतात. मधे चुंबक टुणकन चिकटतं आणि बाजूला घसरून खाली पडतं. बॅगेची चुंबकं असतात ती तिच्या बाजूच्या पाखांत, म्हणजे नेमकी प्लॅस्टिकवर येणार. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर विषयच संपला.

पत्रा सापडला तरी दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. पहिली, चुंबक आणि पत्रा यांच्यात जरा अंतर पडलं की पकड झपाट्याने उतरते. रेक्झिनचं टाकी-कव्हर, जाड स्टिकर किंवा ओरखडे पडू नयेत म्हणून आपण अंथरलेला नॅपकिन, यातलं काहीही मधे आलं तर अर्धी ताकद तिथेच गेली म्हणून समजा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चुंबक सरळ वर उचलायला जड जातं, पण बाजूला सरकवलं तर सहज सरकतं. दुकानात सगळे बॅग वर ओढून बघतात आणि ‘वा, काय पकड आहे’ म्हणतात. रस्त्यावर कोणी बॅग वर ओढत नाही. वळणावर ती बाजूला जाते, ब्रेक मारला की पुढे जाते. म्हणून नेहमीचं सामान भरा आणि हाताने बाजूला ढकलून बघा. सरकली तर घाटातही सरकणार.

त्यामुळे माझं मत असं: चुंबकवाली घ्यायला हरकत नाही, पण पुढचा एक पट्टा हवाच. बऱ्याच बॅगांबरोबर तो मिळतो आणि बरेच लोक तो पिशवीतच ठेवतात. हा पट्टा बांधायचा कुठे, यात निम्मी मंडळी चुकतात. हँडलला बांधायचा नाही, कारण हँडल फिरतं. हँडलच्या खाली, जिथे कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बसतो, ती चेसिसची नळी न फिरणारी असते. पट्टा तिला गुंडाळा. गुंडाळताना क्लच आणि रेसच्या केबल पट्ट्याच्या आत अडकल्या नाहीत ना, हे बोट घालून बघा. केबल आवळली गेली तर वळताना गाडी आपोआप रेस घेते, आणि असं का होतंय हे कळेपर्यंत समोरचा टेम्पो जवळ आलेला असतो. हिमालयनला टाकीच्या दोन बाजूंनी लोखंडी नळ्या आहेत, म्हणून माझं काम सोपं झालंय.

मागचा पट्टा सीटच्या पुढच्या टोकाखालून. सीट काढून पट्टा चेसिसच्या आडव्या नळीला घ्या, सीटच्या फोमला नव्हे. उरलेली टोकं दुमडून इलॅस्टिकमध्ये खोचा. चेनपर्यंत किंवा सायलेन्सरपर्यंत पोचणारं एकही टोक लोंबता कामा नये. माझ्या एका पट्ट्याचं टोक सायलेन्सरला लागून वितळलं. तो वास विट्याला पोचेपर्यंत मी ऊस कारखान्याचा समजत होतो.

रिंगचं म्हणाल तर प्लॅस्टिकची पॅनलं असलेल्या गाडीला तीच उत्तम. झाकणाभोवतीचे स्क्रू काढून रिंग बसते, तिच्यावर बॅग खटकन अडकते, आणि रंगाला काही लागतच नाही. मात्र तुमच्याच गाडीची रिंग हवी. स्क्रूची संख्या आणि जागा प्रत्येक कंपनीची वेगळी. स्क्रू काढताना झाकण बंद ठेवा, आणि बसवताना पान्याची मर्दुमकी दाखवू नका, आटे जातात. जुन्या धाटणीच्या, फिरवून उघडायच्या गोल झाकणाला असे स्क्रूच नसतात. तिथे पट्ट्यांना पर्याय नाही.

चुंबकवाली बॅग लावून गणपतीपुळ्याला जाऊन आलो. घरी येऊन बॅग काढली तर टाकीवर जाळं विणल्यासारखे चरे. बॅगेच्या बुडाला मऊ कापड असताना असं कसं झालं? — एक वाचक, चिपळूण

मला एकच सांगा. किनाऱ्यावर बॅग वाळूत टेकवली होती ना?

तुम्ही ‘हो’ म्हणणार हे मला ठाऊक आहे, कारण हाच उद्योग मी 2009 साली भाट्याच्या किनाऱ्यावर केला होता. रत्नागिरीतली कामं आटोपली, दुपारचे चार वाजले होते, म्हटलं जरा पाय ओले करू. बॅग काढून वाळूवर ठेवली. परत आलो, उचलली, आणि बघतो तर बुडाला चार ठिकाणी काळ्या दाढ्या! इंचभर लांब, ताठ केस उभे राहिल्यासारख्या. फुंकर मारली तर हलतात, पण पडत नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत काळे पट्टे दिसतात ते तुम्ही पाहिले असतील. ती घाण नसते. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोखंडाची खनिजं असतात. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून ती नद्यांतून खाली येतात, लाटा हलकी वाळू वाहून नेतात आणि जड कण मागे राहतात. त्यातलं मॅग्नेटाइट चुंबकाला असं चिकटतं. घाटावर नदीकाठच्या वाळूतही हे कण सापडतात, तेव्हा देशावरच्या मंडळींनी निर्धास्त राहू नये. आता ही दाढी घेऊन बॅग टाकीवर बसली आणि गाडी थरथरायला लागली, की ते पॉलिश पेपरचंच काम. बुडाचं कापड मऊ असून उपयोग काय, कण त्याच्या वर बसलेत.

मी तेव्हा काय केलं? फडक्याने पुसलं. म्हणजे दाढी सगळ्या बुडाला सारवली. घरी आल्यावर बायकोने बघितलं, काही न बोलता पोळ्यांच्या कणकेतला एक लिंबाएवढा गोळा तोडला आणि बुडावर टप टप दाबत गेली. दोन मिनिटांत सगळी वाळू गोळ्यात. त्या गोळ्याचं पुढे काय करायचं हे विचारलं तेव्हा मात्र बोलली. रस्त्यात कणीक कुठे मिळणार, म्हणून मी तेव्हापासून बॅगेत रुंद चिकटपट्टीचं रीळ ठेवतो. तिने तेच काम होतं.

टाकीचं असं करा: आधी भरपूर पाणी ओता, हात न लावता. मग ओल्या मऊ कापडाने. गाडीबरोबरचं ते पिवळं फडकं कोरडं कधीच फिरवू नका, त्यात आधीचीच धूळ बसलेली असते. चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर रबिंग पॉलिशने बराच फरक पडेल, अडकलं तर रंगवाल्याकडे जावं लागेल. पुढच्या वेळी टाकीवर पारदर्शक फिल्म लावून घ्या. ती पातळ असते, चुंबकाची पकड फारशी जात नाही.

आणि हो, इंजिनिअरिंगच्या कारखान्यात जाणाऱ्यांनी बॅग लेथजवळच्या टेबलावर ठेवू नये. वाळू परवडली, कीस नको.

आठवड्यापूर्वी अरुंद रस्त्यावर गाडी वळवताना हँडल अडकलं आणि गाडी आडवी झाली. मला लागलं नाही, क्लचचा लिव्हर मोडला. बॅग 18 लिटरची आहे. बॅगेमुळे झालं असेल का? — एक वाचक, अकोला

बॅगेमुळेच. सरळ रस्त्यावर, वेगात, हँडल असं किती फिरतं? बोटभर. म्हणून मोठी बॅग लावून माणूस दोनशे किलोमीटर सुखाने जातो आणि मुक्कामाच्या गल्लीत पडतो. हँडल पूर्ण फिरवायची वेळ फक्त हळू चालताना येते, आणि तोल जायची वेळही तीच.

बॅग घरी भरा. रिकामी बॅग सगळ्याच गाड्यांना बसते, भरलेली फुगते. मेन स्टँड असेल तर त्यावर, नाहीतर कोणाला तरी गाडी धरायला सांगून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. हँडल डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे टोकापर्यंत. तीन गोष्टी व्हायला नकोत: इंजिनचा आवाज वाढायला नको, हॉर्न वाजायला नको, इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं जायला नको. शिवाय तुमची मूठ आणि बॅग यांच्यात हातमोजा घातलेल्या बोटांना जागा हवी. हे जमत नसेल तर बॅग मागे घ्या, कमी भरा, नाहीतर लहान घ्या. 18 लिटरची बॅग म्हणजे चेन उघडून फुगवलेली असणार. ती चेन शिवून टाका, असं मी गमतीने म्हणत नाही.

हॉर्नबद्दल मी उगीच सांगत नाही. 2003ची गोष्ट असेल. पाटण तालुक्यातलं एक गाव, डॉक्टरांचा दवाखाना गावाच्या टोकाला. महिनाअखेर, म्हणून बॅगेत सँपल ठासून भरलेले. पोचलो तर दवाखान्याच्या शेजारच्या अंगणात माणसं खाली मान घालून बसलेली, मधोमध तिरडी बांधायचं चाललेलं. आपण गपचूप निघावं म्हणून मी गाडी वळवायला घेतली. हँडल पूर्ण डावीकडे, आणि बॅगेचा कोपरा बरोबर हॉर्नच्या बटणावर. पोंऽऽऽ. घाबरून मी हँडल आणखी दाबलं. बंदच होईना. सगळ्या माना वर. शेवटी चावी फिरवली तेव्हा शांतता झाली. एक म्हातारबा उठून आले, मला वाटलं आता बसणार एक, तर त्यांनी मागून गाडी ओढायला हात दिला आणि म्हणाले, ‘‘जावा सावकाश.’’ त्या रात्री मी बॅगेचे पुढचे दोन्ही कोपरे सुईदोऱ्याने आत दाबून शिवले.

माझी उंची पाच फूट एक इंच. बॅग लावली की पोटाला लागते आणि मीटरही धड दिसत नाही. ग्रुपमधल्या मैत्रिणी म्हणतात, सवय होईल. खरंच होते का? — एक वाचक, नाशिक

नाही होत, आणि ताई, करूनही घेऊ नका. बॅग पोटाला लागते म्हणजे तुम्ही मागे सरकून बसता, मागे सरकलात की हात ताणले जातात, आणि थांबताना पाय टेकायला पुन्हा पुढे यावं लागतं. नेमकं तेव्हा बॅग मधे. चार-पाच लिटरची, बसकी बॅग बघा. लावून झाल्यावर सीटच्या अगदी पुढच्या टोकाला सरकून दोन्ही पाय टेकवून बघा, मान न उचलता मीटरवरचे दिवे दिसताहेत का तेही. हे जमलं नाही तर टाकीवर काही ठेवूच नका, मागच्या सीटवर बांधायची बॅग घ्या. टाकीवर बॅग असलीच पाहिजे असा काही कायदा नाही.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने सगळ्यांनाच सांगतो. जोरात ब्रेक लागला किंवा समोर काही धडकलं की अंग पुढे जातं आणि कमरेचं हाड टाकीवर आदळतं. मधे बॅग असते. त्या बॅगेत काय आहे यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. म्हणून कुलूप, पाने, स्टीलची बाटली, लेन्सवाला कॅमेरा, यातलं काही टाकीवर नको. जड आणि कडक वस्तू मागच्या बॅगेत, तळाशी. माझ्या बॅगेत अंगाच्या बाजूला रेनकोटची घडी असते, तिच्यापुढे टॉवेल, मग पातळ प्लॅस्टिकची पाण्याची बाटली, चष्मा, औषधांची पुडी, चिक्की, हातमोज्यांची दुसरी जोडी. वजन तीन किलोच्या वर जाऊ देत नाही. कंपनीने बॅगेवर जास्त लिहिलेलं असलं तरी. पाकीट मी खिशातच ठेवतो. महामार्गावर दुचाकीला टोल नाही, मग पंपाशिवाय ते लागतंय कुठे?

वडिलांना पेसमेकर बसवला आहे. डॉक्टरांनी स्कूटर-मोटरसायकल चालवायला परवानगी दिली आहे. त्यांच्या गाडीवर माझी चुंबकवाली बॅग चालेल का? — एक वाचक, सोलापूर

नको. पट्टेवाली द्या.

गाडीवर बसल्यावर छाती बॅगेपासून तशी लांब असते. खरी भीती बॅग काढल्यावर असते. आपण ती काखेत मारतो, नाहीतर पट्टा खांद्यावर टाकतो आणि चुंबकं थेट छातीशी येतात. जोरदार चुंबक जवळ आलं की पेसमेकर आपलं नेहमीचं काम सोडून ठरावीक गतीने चालू लागतो, चुंबक दूर गेलं की पूर्ववत होतो. म्हणून चुंबक किमान 15 सेंटीमीटर लांब ठेवा असं सांगतात. वडील ते दर थांब्यावर लक्षात ठेवतील, आणि शेजारी बसलेला कोणी ‘काका, धरतो मी’ म्हणून बॅग त्यांच्या मांडीवर देणार नाही, याची खात्री तुम्ही कशी देणार? बाकीचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

इतरांसाठी: चुंबकाने कार्डाच्या मागची काळी पट्टी बिघडू शकते, चिपला काही होत नाही. बॅगेजवळ फोनमधलं होकायंत्र मात्र भरकटतं.

आंबोलीच्या पावसात बॅगेचं रेनकव्हर असूनही आतलं सगळं भिजलं. चांगलं रेनकव्हर कोणतं? — एक वाचक, सावंतवाडी

आंबोलीच्या पावसाला तुम्ही रेनकव्हरने अडवायला निघालात! त्या पावसात मी माणसांना छत्रीच्या आत भिजताना पाहिलंय. रेनकव्हर वरून येणारं पाणी अडवतं. तुमच्या छातीवरून ओघळणारं पाणी बॅगेच्या मागच्या बाजूने जातं, आणि टाकीवरून वाहणारं खालून. शिवाय वेग वाढला की कव्हरात वारा भरतो आणि ते फुग्यासारखं उठतं. एकदा उडालं की दरीत.

उपाय आतून करायचा. आम्ही सँपलसाठी वापरायचो तीच पद्धत: जाड प्लॅस्टिकची पिशवी बॅगेच्या आत, सामान तिच्यात, तोंडाला पीळ द्यायचा, पीळ उलटा दुमडायचा, वर रबर. गाठ मारायची नाही, ओल्या बोटांनी सुटत नाही. बॅग भिजू दे की. 26 वर्षांत औषधाच्या गोळ्या भिजल्या त्या एकदाच, आणि तेव्हा पिशवीला भोक होतं. घरी आल्यावर बॅग सगळ्या चेन उघड्या टाकून पंख्याखाली उलटी टांगा. बंद करून माळ्यावर टाकलीत तर गणपतीपर्यंत बुरशीची शेती तयार.

पावसातली आणखी एक गोष्ट. टाकीच्या झाकणाला हवा आत घ्यायला बारीक वाट असते. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा यायला हवी. ती वाट बंद झाली तर टाकीत ओढ तयार होते, पेट्रोल उतरत नाही आणि गाडी आचके द्यायला लागते. माझ्या जुन्या गाडीला, हिरो होंडाच्या सीडी हंड्रेडला, मी हौसेने झाकणासकट झाकणारं रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं होतं, वर बॅग, बॅगेवर ओलं प्लॅस्टिक. कुंभार्ली घाटात अर्ध्यावर गाडी बंद. प्लग काढला, पुसला, लावला. चालू. दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. तिसऱ्यांदा एका ट्रकचा क्लीनर थांबला. त्याने काही न विचारता बॅग बाजूला केली आणि झाकण उघडलं. फुस्स! म्हणाला, ‘‘गाडीचं नाक दाबलंय तुम्ही.’’ कव्हराला तिथे रुपयाएवढं भोक पाडून मी खाली उतरलो. त्या कव्हराखाली पाणी साठून टाकीला गंजही चढला होता, ते नंतर कळलं.

बॅगेच्या वरच्या पारदर्शक खिशात फोन ठेवून नकाशा बघत जातो. उन्हात फोन बंद पडतो. — एक विद्यार्थी, पुणे

पडणारच. वरून ऊन, खालून इंजिन, आणि तो पारदर्शक खिसा म्हणजे काचेची पेटी. त्यात चार्जिंग लावलं असशील तर विचारूच नको. फोन खिशात ठेव, कानात एका बाजूला हळू आवाजात रस्ता ऐक, किंवा सरळ माणसांना विचार. शिवाय टाकीवर बघायला मान खाली घालावी लागते, आणि तेवढ्यात खड्डा निघून गेलेला असतो. म्हणजे आपण त्यातून निघून गेलेलो असतो. फोन हँडलवर लावायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेव: मोटरसायकलच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो, असं ॲपलनेच 2021 साली जाहीर सांगितलं आहे. बॅगेतल्या फोमवर थरथर कमी पोचते. हा एक गुण तुझ्या बाजूने.

गणपती टाकीवरच्या बॅगेवर बसवून आणला तर चालेल का? मूर्ती लहान, शाडूची आहे. — एक वाचक, सांगली

बाप्पाला चालेल, मूर्तीला चालणार नाही. शाडूला थरथर सोसत नाही, पहिला बळी सोंडेचा. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर पाटासकट द्या आणि वीसच्या वेगाने या. एकटेच असाल तर रिक्षा करा. वर्षातून एकदा येतो तो.

पेट्रोल भरताना दर वेळी बॅग काढायचा कंटाळा येतो. पुढचे पट्टे सोडून ती सीटवर उलटी टाकतो. आणि चहाला थांबलं की बॅग गाडीवरच ठेवावी का? — एक वाचक, बेळगाव

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. चुंबकवाली बॅग उचलायला चोराला एक सेकंद लागतो, रिंगवालीला दोन. पट्टेवालीला थोडा वेळ लागतो, पण ब्लेड असेल तर तीही गेली. खांद्याचा पट्टा लावून चहाला बरोबर न्या. टपरीवर बाकड्याच्या खाली ठेवा आणि पट्ट्यात एक पाय घाला. बसस्टँडवरची आपली जुनी रीत आहे ती.

पंपावर बॅग मागे उलटी टाकायची सवय माझीही होती. 2012 साली उंब्रजच्या अलीकडे पेट्रोल भरलं, सुट्ट्या पैशांवरून जरा वाद झाला, त्या तणतणीत गाडी सुरू केली आणि निघालो. बॅग सीटच्या मागच्या भागावर, फक्त मागच्या पट्ट्याने लटकलेली. पट्टा कुठे सुटला कळलंच नाही. साताऱ्याजवळ आल्यावर पाठीला काहीतरी हलकं वाटलं. मागे वळलो, सगळा रस्ता बघत पंपापर्यंत आलो. बॅग नाही. आत महिन्याचे रिपोर्ट, डॉक्टरांची यादी, स्टॉकिस्टच्या ऑर्डरी आणि जेवणाचा डबा. त्या दिवसापासून मी पंपावर बॅग गळ्यात अडकवतो. ध्यान दिसतो, दिसू दे. आणि बॅगेच्या आतल्या बाजूला, बाहेर नव्हे, शाईपेनने फोन नंबर लिहिलेला असतो. तो तेव्हाही होता, म्हणून तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

एसटीचे एक कंडक्टर होते. त्यांना रस्त्याकडेला सापडली होती, डेपोत येऊन घेऊन जा म्हणाले. गेलो. एकही कागद हलला नव्हता. डबा मात्र त्यांनी घरी नेऊन धुऊन आणला होता, तीन दिवसांचा वास मारत असणार. घरी येऊन बायकोने तो उघडला, तर तळाशी चमचाभर साखर. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून.